बिनविस्तवाचा धूर

८ जुलै २०२५, मंगळवार, कामरगाव

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत यांना फुकट दिली होती. यांनी पहिल्या दोन पानांवर पेन्सिलीनं नंदीची मापं लिहिली, "कान अडीच, वशिंड चार", आणि १९ फेब्रुवारीला गेले. बाकी डायरी कोरी. तीस वर्षं मी अंगणवाडीत रजिस्टरं लिहिली, एप्रिलात निवृत्त झाले, तेव्हापासून हात शिवशिवतो. शिवाय कोरं पान वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

आज यांच्या कामाच्या खोलीचं कुलूप काढलं. हे तिला कारखाना म्हणायचे. वर टिन, एक खिडकी, एक दार आणि दाराला आतून जाडजूड कडी. आत फळीवर सात नंदी उभे होते. पोळा बैलांचा असतो आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. त्या दिवशी कामरगावात लाकडी नंदी ओढत निघणाऱ्या निम्म्या पोरांच्या दोरीला यांच्याच हातचा नंदी असायचा. हे सात यंदाचे. रस्ता रुंद करताना पाडलेल्या निंबाचं लाकूड होतं, ओलंच घडवलं, आणि उन्हाळ्यात टिनाखाली तापून एकेकाच्या पाठीला बोट जाईल एवढ्या चिरा पडल्या.

शेजारची रुख्मिणी डोकावून म्हणाली, "चुलीत घाला व बाई. पान्याच्या दिवसात जळतन कुठी भेटते?"

मी म्हटलं, "तुही चूल पेटव तुह्या जळतनानं."

ठरवलं ते इथं लिहून ठेवते. यंदाच्या तान्ह्या पोळ्यात हे सातही नंदी चालले पाहिजेत. त्यातला एक नीलूचा, साधनाच्या मुलीचा. यांनी नातीला तसा शब्द दिला होता. पोळा २२ ऑगस्टला आहे.

१३ जुलै

भाऊसिंग आला होता. तांड्यावरचा, यांचा जुना सोबती, यांना भाऊ म्हणायचा. नंदीची चाकं तोच कातून द्यायचा. फाटकाबाहेरच उभा राहिला.

"वयनी, भाऊनं सांगतलेली चाकं तयार हायेत. अठ्ठावीस."

"ठेवा तुमच्याजोळच. तुमच्या संगतीनंच बिघडले ते."

"वयनी, आयका तं..."

मी फाटक लावलं. चाकं कारंज्याहून आणीन, नाही तर नंदी बिनचाकाचे ओढतील पोरं.

२० जुलै

लिहायचंच तर खरं लिहिते, इथं कोण वाचणार आहे.

हे प्यायचे. लग्नानंतर सात वर्षं प्यायले. साधना लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, आणि खरंच सोडली. मग सहा-सात वर्षांपूर्वी पुन्हा सुरू झाली. पिताना मी पाहिलं नाही. पण मला पाहावं लागत नाही. अंगणवाडीतल्या पोरानं अंडं खाल्लं की खिशात टाकलं, हे मी चेहऱ्यावरून सांगते.

श्रावण लागला की हे दुपारी कारखान्याची कडी आतून लावायचे. मी दार वाजवलं की आतून ओरडायचे, "तिकडंच राह्य! येऊ नोको इकडं!" तासाभरानं बाहेर यायचे ते डोळे लालभडक, नाक गळतंय, आवाज बसलेला. घरात न येता थेट नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, जाऊन भाऊसिंगजवळ बसायचे. दिवेलागणीला घरी आले की तोंडात सोप. बडीशेप कशासाठी चावतात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

विचारलं की म्हणायचे, "धूर लागला वं."

"कायचा धूर? विस्तव कुठी हाये?"

"बिनविस्तवाचा हाये."

मी म्हणायची, बिनविस्तवाचा धूर मी उभ्या जन्मात पाह्यला नाही, तुमालेच दिसते चार घोट पोटात गेल्यावर. या बोलण्यावर आळीतल्या बायका हसायच्या. मलाही बरं वाटायचं.

मागच्या पोळ्याला मी हट्टाला पेटले. नीलूला पुढं उभं केलं आणि म्हटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवा अन् सांगा पेलो नाही म्हणून. यांनी हात मागं घेतला. "एका पोरीच्या डोक्शावर एकदा ठेवला, तो अजून पाळून राह्यलो. आता दुसरीच्या नाही ठेवत. मानाचं तं मान, वैजे."

मी मानलं नाही. जो खरा असतो तो शपथेला भीत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. जेवण वाढलं, बीपीची गोळी हातावर ठेवली, कपडे धुतले, पण शब्द नाही. आठ दिवसांनी यांनी आपली बाज कारखान्यात नेली. रोज सकाळी मी चहा घेऊन जायची आणि हाक न मारता कप दाराच्या फळीवर वाजवायची. हे उठून घ्यायचे. १९ फेब्रुवारीला मी तीनदा कप वाजवला.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या आधीच गेले होते, तुमी काही करू शकल्या नसत्या. तसं असेल. पण मी हाक मारली नव्हती.

२७ जुलै

पॉलिश पेपरनं चार नंदी घासून झाले. मनगट भरून आलंय. पावसाळी हवेनं दमाही उठलाय, दिवसातून दोनदा पंप घ्यावा लागतो. हे असते तर घासायचं काम मला करू दिलं नसतं. लाकडाच्या भुशाजवळ फिरकू द्यायचे नाहीत, अंगणात कपडे झटकल्याशिवाय घरात यायचे नाहीत. मी म्हणायची, किती ती नाटकं.

आज यांचा राखाडी स्वेटर उन्हात टाकला तर कॉलरच्या शिवणीत भुसा निघाला. इतकं झटकूनही राहिलाच. मी तो काढला नाही, तसाच घडी घालून ठेवला.

मला वाटलं होतं राग टिकवला तर आठवण येणार नाही. राग आहे तिथंच आहे आणि आठवणही येते. दुपारी रंधा चालल्याचा आवाज येतो म्हणून हातातलं टाकून बाहेर येते, तर रस्त्यावरून कोणीतरी पोतं ओढत नेत असतं. भांडायला का होईना, पण हवेत मला हे. सहा महिने न बोललेलं सगळं तोंडात तसंच आहे.

२ ऑगस्ट

हरीओमच्या हार्डवेअरच्या दुकानातून गोंद आणला. पाण्यासारखा पातळ, क्षणात चिकटणारा. हे चिरा याच गोंदानं भरायचे, रिकाम्या बाटल्या फळीखाली पडल्या आहेत. हरीओम म्हणतो, "काकू, वाऱ्यात करजा. बंद खोलीत नोको." बाई दिसली की या दुकानदारांना शिकवायची हौस येते.

नुसता गोंद ओतला तर चिरेतून खाली गळून जाईल, आत काहीतरी भरायला पाहिजे. हे काय भरायचे ते दाराआड होतं. खोलीत भुशाचं एक पोतं होतं, ते मी मागच्याच आठवड्यात उकिरड्यावर रिकामं केलं. घरात कापूस आहे, सरकी काढलेला, स्वच्छ. आमच्याकडे कापूस कशाला चालत नाही? वातीला चालतो, गादीला चालतो, कानात चालतो, जखमेवर चालतो. चिरेतही चालेल.

दार मात्र लावूनच करीन. रुख्मिणीला दिसलं तर गावभर होईल की म्हातारी वाढईकाम करून राह्यली.

४ ऑगस्ट

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा हात भाजला. विस्तव नव्हता. उद्या लिहीन.

५ ऑगस्ट

काल दुपारी कडी लावून बसले. नीलूच्या नंदीच्या पाठीतल्या चिरेत कापसाचा बोळा कोंबला, वरचं टोक चिमटीत धरलं आणि गोंद ओतला, चांगला भरपूर. चुर्र असा बारीक आवाज आला. मग कापसातून पांढरा धूर निघाला आणि चिमटीत निखारा धरल्यासारखं झालं. सोडायला गेले तर सुटेना, कापूस आणि दोन बोटं एक झाली होती. काडी नाही, चूल नाही, दिवा नाही, आणि नंदीच्या पाठीतून धूर येतोय. तो धूर डोळ्यांत मिरची गेल्यासारखा लागला. बाटली आडवी होऊन उरलेला गोंद कापसाच्या ढिगावर सांडला, तिथूनही धूर. मग श्वासच लागला. पंप घरात राहिला होता. कडी माझ्याच हातानं लावलेली, आणि ती मला दिसत नव्हती.

भाऊसिंगनं दार लाथेनं उघडलं. चाकांचं पोतं फाटकाजवळ गुपचूप ठेवून जायला आला होता, खोकला ऐकला. मला ओढून अंगणात आणलं, हात बादलीत बुडवला. मी बोटं ओढायला लागले तर ओरडला, "ओढू नोका! चामडी निघंल!" रुख्मिणीनं पंप आणून दिला. श्वास जागेवर आल्यावर भाऊसिंगनं कोमट पाण्यात साबण कालवून बोटं हळूहळू सोडवली. दवाखान्यात त्यानंच नेलं.

परत आल्यावर त्यानं खिशातून पुडी काढली. सोप होती.

"चावा, वयनी. तोंड कडू झालं असंन. भाऊ हेच चावे."

मी सोप घेतली.

संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले. डोळे लालभडक, नाक गळतंय, आवाज बसलेला, तोंडात सोप. हा चेहरा मी ओळखते. सात श्रावण मी या चेहऱ्याशी भांडले.

७ ऑगस्ट

झोप नाही. मनाला समजावते की एकदा धूर लागला म्हणून रोजच धूर असेल असं नाही. धूरही असेल आणि दारूही असेल, दोन्ही असू शकतं. तीस वर्षं रजिस्टरात वजन लिहिताना अर्धा किलो इकडचा तिकडं केला नाही, तर इथंही दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

दुसऱ्या बाजूला लिहायला काहीच सापडत नाही. बाटल्या सगळ्या गोंदाच्या निघाल्या. फळीखाली, पत्र्यामागं, बाजेखाली, सगळीकडे पाहिलं. एक जरी दुसरी बाटली मिळाली असती तर बरं झालं असतं, इतकी मी वाईट बाई आहे.

१० ऑगस्ट

आज स्वतःहून रपट्यावर गेले. भाऊसिंग बकऱ्या चारत होता. मला पाहून उठून उभा राहिला. नाल्यावरून चांगला वारा येत होता. मी दगडावर बसले, तो जरा लांब बसला. मी सरळ विचारलं.

"पीत होते का ते?"

"नाही, वयनी."

"एकदाही?"

"मी कई कई घेतो. भाऊले इचारलं तं म्हने, पोरीच्या डोक्शावर हात हाये माह्या. अठी वारा खायाले बसे. डोये धूये, सोप चावे, घशातला कडूपना गेला का मंग घरी जाये."

"मंग कडी कायले लावत होते?"

भाऊसिंगनं रस्त्याकडे निघालेली एक बकरी वळवली. मग म्हणाला, "तुमाले दमा हाये ना. तुमी न सांगता दार ढकलून आत येता, हे त्याले मालूम होतं. म्हने, ती आत आली अन् धूर छातीत गेला तं मी काय करू?"

"हेच मले सांगता येत नव्हतं काय? मी काय वाघ होते?"

"मी म्हटलं त्याले. म्हटलं, भाऊ, सांगून टाक, दाखवून दे. तं म्हने, तिले कळलं का हा गोंद इतका खराब हाये, तं ती बाटल्याच फेकून देईल, नंदी करूच देनार नाही. तंबाखूची डबी इहिरीत टाकली व्हती तिनं. दारू समजते तं समजू दे. पोया झाला का बोलतेच ती."

तंबाखूची डबी मी विहिरीत टाकली होती, हे खरं आहे. पोळा झाला की मी बोलायचे, हेही खरं आहे. दरवर्षी बोलायचे. मागच्या वर्षीच फक्त बोलले नाही.

घरी कशी आले ते आठवत नाही. सहा महिने हे त्या खोलीत वाट पाहत होते, आज बोलेल, उद्या बोलेल. आणि मी कप वाजवत होते.

११ ऑगस्ट

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं तेवढंच. आज इथं लिहिते, निदान हाक मारल्यासारखं होईल.

जगदेव.

जगदेव, चहा आणला आहे.

१६ ऑगस्ट

काम पुन्हा सुरू केलं, पण आता अंगणात, वाऱ्यात. भाऊसिंगनं चाकं कातताना पडलेला भुसा पिशवीत जपून ठेवला होता, याच निंबाचा आहे. चिरेत भुसा दाबून भरायचा, वर गोंदाचे दोन-चार थेंब, जास्त नाही. थोडी ऊब येते, थोडा धूर येतो तो वाऱ्यावर जातो, आणि झालं. हे असंच करायचे म्हणे, फक्त दार लावून, कारण अंगणात मी असायची.

गोंद भाऊसिंग टाकतो. मला पंचवीस पावलं लांब, वाऱ्याच्या अंगाला बसवतो. "तुमी पाठ करून बसा, वयनी. भाऊनं पाह्यलं तं मले शिव्या देईल." मी डाव्या हातानं घासते.

नीलूच्या नंदीच्या पाठीत माझा कापूस दगड होऊन बसला आहे. कडेला करपल्यासारखा पिवळा डाग आहे. भाऊसिंग म्हणाला, कोरून काढू का? मी नको म्हटलं. बाटलीत थोडा गोंद उरला, ती बूच घट्ट लावून फळीवर ठेवली.

२२ ऑगस्ट, पोळा

साधना आणि नीलू वाशीमहून आल्या. बोटांवरची पट्टी सुटली आहे, कातडी गुलाबी आहे. फोनवर साधनाला फक्त भाजलं एवढंच सांगितलं होतं, आज गोंदाचं सगळं सांगितलं. बाकीचं सांगायचं होतं. तिच्या बापाबद्दल सात वर्षं मी तिच्या मनात काय भरलं, ते मला ठाऊक आहे. तोंड उघडलं आणि पुरणाचं विचारलं.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

सातही नंदी चालले.

शाळेपुढून निघाले ते मारुतीच्या पारापर्यंत. बेगड, झिरमिळ्या, सुतळीच्या शेपट्या. नीलू सगळ्यात मागं, कारण तिच्या नंदीचं एक चाक जरा कुरकुरतं आणि ती दर दहा पावलांनी वळून त्याला पाहते. भाऊसिंग पाराजवळ उभा होता. मी सगळ्यांदेखत त्याला हात जोडले. तो गोंधळला, टोपी काढून पुन्हा घातली. रुख्मिणी म्हणाली, "जगदेवभाऊच्या हाताची सर कोनाले नाही बाप्पा." मला वाटलं आता सगळ्यांना सांगावं, इथंच, मोठ्यानं सांगावं, की हा माणूस पीत नव्हता. पण ताशा वाजत होता आणि पोरं ओरडत होती.

घरी आल्यावर नीलूनं नंदी अंगणात बांधला, त्याच्यापुढं पुरणपोळीचा तुकडा ठेवला. मी कारखान्यात गेले. दार भाऊसिंगच्या त्या लाथेपासून नुसतं टेकवलेलं आहे, कडी वाकून लोंबते आहे. यांच्या बाजेवर बसले. ती कडी हातात धरली. केवढी जाड आणली होती. मी रागानं दार ढकललं तरी उघडू नये, एवढी. मग मला रडू आवरलं नाही. किती वेळ गेला ते कळलं नाही.

साधना शोधत आली. दारातच थांबली.

"आई! डोये पाह्य कसे लाल झाले तुहे. काय झालं?"

हिला आता सांगायचंच होतं. सगळं सांगायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"धूर लागला वं."

"पुन्हा गोंद लावला ना? सांगतलं होतं, नोको म्हून. नंदीचं काही निघालं होतं का?"

"कान."

गोंदाची बाटली माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती, आठ दिवस न उघडलेली. तिनं वर पाहिलं नाही. माझं तोंड हुंगलं नाही, शपथ मागितली नाही. "चाल, वाऱ्यात बस," म्हणाली, आणि माझ्यासाठी सोप आणायला गेली.